गांजलेली झाडे

मराठीत काही वनस्पतींची नावे उच्चारली की डोळ्यांपुढे झाड येण्याआधी माणूस येतो. ‘तुळस’ म्हटले की वृंदावनाला प्रदक्षिणा घालणारी बाई येते, आणि ‘गांजा’ म्हटले की देवळामागच्या पारावर ओल्या फडक्यात चिलीम धरून बसलेला, तांबारलेल्या डोळ्यांचा कुणी एक येतो. गांजाचे झाड मात्र फारसे कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. ‘गांजेकस’, ‘भंगड’ हे शब्द आपण माणसांसाठी राखून ठेवले आहेत. ‘तुळशीत भांग उगवणे’ हा वाक्प्रचार मी वर्गात वीस-बावीस वर्षे समजावून सांगत आले आहे. त्यातही भांग येते ती तुळशीच्या पावित्र्याला बट्टा लावण्यापुरती. ती उगवते कशी, तिला पाणी किती लागते, ऊन किती लागते, हे प्रश्न त्या वाक्प्रचाराला पडत नाहीत. मलाही ते कधी पडले नव्हते.

‘गांजणे’ हे क्रियापद वेगळेच. छळणे, जाच करणे असा त्याचा अर्थ, त्यावरून ‘गांजलेला’. या दोन शब्दांचे मूळ एक आहे असे मला म्हणायचे नाही. ते कानाला जवळचे वाटतात, एवढेच. परंतु २०२४ च्या मे-जूनमध्ये हे दोन्ही शब्द माझ्यापुढे चार कुंड्यांत एकत्र उभे होते. त्या सहा आठवड्यांत या झाडांविषयी, आणि त्याहून अधिक आपल्या भाषेतील काही शब्दांविषयी जे ध्यानात आले, ते येथे मांडण्याचा विचार आहे.

उन्हाळी सुट्टीत मी धाकट्या भावाकडे टोरांटोशेजारच्या मिसिसागा येथे गेले होते. तिकडच्या घरांना बेसमेंट असते. पाहुण्यांची खोली तिथे, कपडे धुण्याचे यंत्र तिथे, आणि या घरात भाच्याची चार झाडेही तिथेच. काळ्या कापडाचा एक तंबू, आत छताला टांगलेला एलईडी दिवा, कोपऱ्यात घरघरणारा लहानसा पंखा. माझी खोली भिंतीपलीकडे असल्यामुळे रात्री त्या पंख्याची घरघर ऐकू येई आणि तंबूच्या चेनच्या फटीतून पांढऱ्या उजेडाची रेघ जमिनीवर पडलेली दिसे. बाहेर पंधरा तासांहून अधिक काळ सूर्यप्रकाश उपलब्ध असताना झाडे आत कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा भावजयीने हलक्या आवाजात सांगितले, “ह्यांची अट आहे. मागच्या अंगणात दिसता कामा नयेत. आपली माणसं येतात-जातात.”

कायद्याची अडचण नव्हती. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा प्रौढांसाठी वैध केला. ऑन्टारिओ प्रांतात एकोणीस वर्षांवरील व्यक्तीला परवानाधारक विक्रेत्याकडून बी घेऊन घरी झाडे लावता येतात. मर्यादा एका घरामागे चार झाडांची. आपल्याकडे याच कृत्याला १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्यात ‘गांजा’ म्हणजे झाडाचे फुले किंवा फळे धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर निव्वळ पाने आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. भांग या कायद्याच्या बाहेर राहते ती यामुळे. म्हणजे एकाच झाडाचा एक भाग महाशिवरात्रीला चालतो आणि दुसरा तुरुंगात नेतो. बावीस वर्षांच्या माझ्या भाच्याला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ हसत होता. त्याच्या घरात मात्र कायद्याने सुटलेला प्रश्न सुटलेला नव्हता. त्याने आदल्या वर्षी विद्यापीठातले शिक्षण दुसऱ्या वर्षावर सोडले होते, एका गोदामात पाळीचे काम धरले होते, आणि बाप-लेकांमध्ये गरजेपुरते बोलणे उरले होते. तंबू आल्यापासून भाऊ बेसमेंटमध्ये उतरत नसे. त्याचे कपडेही भावजय खाली आणून धुई. फोनवर कुणा नातेवाइकाने तो वाक्प्रचार वापरल्याचेही मला भावजयीकडूनच कळले. तुळशीत भांग.

झाडे पाच-सहा आठवड्यांची होती आणि मरणपंथाला लागलेली होती. हे समजायला तज्ज्ञ असण्याची गरज नव्हती. खालची पाने पिवळी, काही गळून मातीवर पडलेली. उरलेल्या पानांची टोके जळाल्यासारखी तपकिरी. सगळी पाने देठापासून खाली लोंबत होती. पण सुकलेल्या पानासारखी हलकी होऊन नव्हे, भिजलेल्या कापडासारखी जड होऊन. मातीला आंबूस वास, तिच्यावर चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या, आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेले पाणी. भाचा रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी पाणी घाली आणि आठवड्यातून एकदा खताच्या बाटलीवर छापलेल्या तक्त्याप्रमाणे पूर्ण मात्रा देई. पाने पिवळी पडू लागल्यावर ती भुकेची खूण आहे असे समजून त्याने मात्रा वाढवली होती. “मी काहीच मिस नाही केलं, आत्या,” तो म्हणाला. ते अक्षरशः खरे होते. त्याने एकही दिवस चुकवला नव्हता.

मला स्वतःला झाडांमधले काही कळते असे नाही. आमचे वडील शेतकरी. कृष्णाकाठी ऊस आणि हळद. पण घरातल्या मुलीला शाळेत पाठवायचे ठरले आणि रानातली कामे धाकट्या भावाकडे गेली. मला जी काही सवय आहे ती वाचण्याची. तेव्हा आम्ही दोघांनी संध्याकाळी तो कामावरून आला की तंबूची चेन उघडून पाने वाचायला सुरुवात केली. ग्रंथालयातून आणलेली बागकामाची दोन पुस्तके त्याच्याजवळ होती, इंग्रजी तो वाची, आणि मी त्याला मराठीत प्रश्न विचारी.

पान ही गोष्ट वाचायला सोपी नाही, कारण एकच लक्षण दोन विरुद्ध कारणांनी येते. पाणी कमी पडले तरी झाड माना टाकते आणि पाणी जास्त झाले तरी टाकते. नवख्याला दोन्ही वेळा एकच इच्छा होते : आणखी पाणी घालावे. पाणी जास्त झाल्यावर जे घडते ते मातीच्या आत घडते. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. सतत पाणी भरले की ती हवा निघून जाते, मुळे गुदमरतात, सडू लागतात, आणि पाण्यात उभे असलेले झाड पाणी उचलू शकत नाही. अन्नाचेही तेच. खत मातीत असते, पण घेणारे मूळच राहिलेले नसते. वर पान पिवळे दिसते, माणूस आणखी खत देतो, मातीत क्षार साठतात, पानांची टोके करपतात. एका काळजीतून दुसरी काळजी निघते आणि झाड प्रत्येक काळजीने थोडे अधिक मरते.

पिवळेपणा कुठे सुरू झाला यालाही अर्थ असतो. नत्र झाडाच्या अंगात इकडून तिकडे नेता येते. तुटवडा पडला की झाड जुन्या, खालच्या पानांतून ते काढून शेंड्याकडे पाठवते. म्हणून नत्राची उणीव आधी खाली दिसते. कॅल्शियम एकदा जिथे बसले तिथून हलत नाही. त्याची उणीव कोवळ्या पानांत दिसते. मॅग्नेशियम कमी झाले तर जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. दिवा फार जवळ असेल तर वरच्या पानांच्या कडा होडीसारख्या वर वळतात. मातीचा सामू, ज्याला तिकडे पीएच म्हणतात, साधारण सहा ते सातच्या दरम्यान नसेल तर मातीतले अन्न असून नसल्यासारखे होते. ही सारी माहिती हळूहळू जमत गेली. चारपाच संध्याकाळींनंतर भाचा पान हातात न घेता, नुसते खाली वाकून पाहू लागला, तेव्हा मला माझे काही चांगले विद्यार्थी आठवले.

या झाडाचे वाचन करणारी माणसे आपल्याकडे होती. एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये गांजाची परवान्याखाली शेती होई. गांजा मिळतो तो मादी झाडाच्या, परागण न झालेल्या फुलांतून. शेतात नर झाडे राहिली तर बी धरते आणि पीक बिघडते. म्हणून फुलोऱ्याच्या आधी नर झाडे ओळखून उपटण्यासाठी खास जाणकार बोलावला जाई. इंग्रजी कागदपत्रांत त्याला चक्क ‘गांजा डॉक्टर’ म्हटले आहे. १८९३-९४ मध्ये सरकारने नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने अकराशेहून अधिक साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि संपूर्ण बंदी न घालता कर व नियंत्रण यांची शिफारस केली. आयोगाचे निष्कर्ष बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. हे झाड तेव्हा पीक होते, आणि पीक असल्यामुळे त्याच्याविषयीचे ज्ञान हाताबोटांत होते. पुढे ते गुन्हा झाले आणि ज्ञान गेले. आज माझ्या भाच्याला ज्या भाषेत हे झाड कळू शकते ती इंग्रजी आहे, आणि ज्या भाषेत त्याला त्याबद्दल बोलणी खावी लागतात ती मराठी. भाषेचा प्राध्यापक म्हणून ही वाटणी मला फार बोचली.

एका संध्याकाळी त्याने विचारले, “आत्या, तुला हे आवडत नाही, राइट?”

“नाही आवडत.”

“मग तू हे का करतेस?”

याचे चांगलेसे उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि आजही पुरते नाही. झाड आजारी आहे, असे मी म्हणाले. पण तेवढ्यावर प्रश्न मिटत नाही, कारण झाड वाचले तर पुढे त्याला फुले येणार आणि ती फुले कशासाठी आहेत हे आम्हा दोघांनाही माहीत होते. कोवळ्या वयात, रोजच्या रोज आणि तीव्र मात्रेत हा पदार्थ घेणाऱ्यांमध्ये गंभीर मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा आढळले आहे. कॅनडाच्या सरकारी पत्रकांतही टीएचसीचे प्रमाण कमी ठेवावे, रोज घेऊ नये, असा सल्ला असतो. हे मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले. तो चिडला नाही. “झोप येत नाही,” एवढेच म्हणाला. शिक्षण सोडल्यापासून धड झोप नव्हती. जूनअखेर एका डॉक्टरांची वेळ त्याने घेतली होती आणि ती घरात कुणालाही सांगितलेली नव्हती. हे ऐकताना माझ्या हातात खताची बाटली होती आणि आम्ही दोघेही तिच्यावरचे लेबल वाचत असल्यासारखे उभे होतो. समोरासमोर बसून विचारले असते तर हे वाक्य मला मिळाले नसते, अशी माझी खात्री आहे.

उपचार म्हणावे तर आम्ही फार थोडे केले. केले त्यापेक्षा थांबवले अधिक. पाणी बंद. खत बंद. ताटल्यांतले पाणी ओतून देऊन कुंड्या लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवल्या, म्हणजे तळाच्या भोकांना हवा लागेल. दिवा वीतभर वर घेतला. माश्यांसाठी पिवळे चिकट कागद लावले. त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या मातीत वाढतात, त्यामुळे खरे औषध माती कोरडी होणे हेच. चारांपैकी एका झाडाची कुंडी उलटी करून पाहिली. निरोगी मूळ पांढरे असते; याची मुळे तपकिरी, बुळबुळीत होती आणि बोटाने ओढताच वरचे साल निघून आत दोऱ्यासारखा तंतू राही. त्याची सडलेली मुळे कापून नव्या मातीत लावले.

नंतरचे पाच दिवस कठीण गेले. सगळे थांबवल्यावर झाडे सुधारली नाहीत, अधिकच वाईट दिसू लागली. आणखी चार पाने गळली. रोज सकाळी भाच्याचा हात झारीकडे जाई. “थोडंसं?” तो विचारी. काही न करता थांबणे ही क्रिया आहे, हे तेव्हा शब्दशः समजले. कुंडी दोन्ही हातांनी उचलून तिचे वजन घ्यायचे, कालच्यापेक्षा हलकी झाली का ते पाहायचे, आणि पुन्हा खाली ठेवायची.

सहाव्या संध्याकाळी भाऊ जिन्यात उभा होता. भावजय मैत्रिणीकडे गेली होती आणि त्याला दुसऱ्या दिवसासाठी सदरा हवा होता, जो खाली यंत्रात होता. तिसऱ्या पायरीवर तो थांबला. आम्ही पाणी घालावे की नाही यावर वाद घालत होतो. वरून कोरडी दिसणारी माती खरोखर कोरडी आहे का, हे ठरत नव्हते. तो काही वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “ताई, वरची माती बघू नको. आत बोट घाल. वाफसा आलाय का?”

वीस वर्षांत मी तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. वाफसा, कुणी वापसाही म्हणतात. पाणी दिल्यानंतर वा पाऊस पडून गेल्यानंतर रान चिखल उरलेले नसते आणि कोरडेही पडलेले नसते, मातीत ओल आणि हवा दोन्ही सारख्या नांदतात, त्या अवस्थेचे नाव. वाफसा आल्याखेरीज पेरायचे नाही, कोळपायचे नाही, पुढचे पाणी द्यायचे नाही. जी गोष्ट समजून घेण्यासाठी आम्ही दोन पुस्तकांची अर्धी प्रकरणे पालथी घातली होती, ती एका शब्दात होती आणि तो शब्द आमच्याच घरचा होता.

“वाफसा म्हणजे?” भाच्याने विचारले. तो मला विचारत होता, पण उत्तर भावाने दिले. तो खाली आला, तंबूशी वाकला, कुंडीतली खोलवरची मूठभर माती काढून तिचा लाडू वळला आणि तळहातावर ठेवून अंगठ्याने टिचकी मारली. लाडू फुटून भुगा झाला. “हा वाफसा. फुटला नसता तर अजून ओल जास्त. लाडूच झाला नसता तर उशीर झाला.” मग तो अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत रात्रीची दारे धरण्याविषयी बोलला : वीज रात्री येई, बारा-तेरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर कंदील घेऊन उसाला पाणी द्यायला जावे लागे, एक सरी भरली की बारे फोडून पाणी पुढच्या सरीत वळवायचे, आणि डुलकी लागून एखादी सरी तुंबली तर सकाळी मार. भाचा ऐकत होता. त्याला हे कधी कुणी सांगितलेले नव्हते. दहा-बारा मिनिटे असतील. त्या सहा आठवड्यांत बाप-लेकांचे मी ऐकलेले ते सर्वांत लांब संभाषण. मग भावाने हात झटकले, यंत्रातून सदरा काढला आणि वर जाता जाता म्हणाला, “ऑगस्टनंतर हे इथं नको.” त्याचे मत बदलले नव्हते. ते बदलावे असे मलाही वाटत नव्हते, कारण काळजी करण्याचा त्याचा हक्क खरा होता.

त्या रात्री आम्ही तीन झाडांना साधे पाणी दिले, तळातून वाहून जाईपर्यंत, आणि वाहिलेले पाणी ओतून टाकले. पुढचे पाणी पुन्हा लाडू फुटेपर्यंत नाही. मुळे कापलेले झाड दोन दिवसांनी गेले. उरलेल्या तिघांपैकी दोघांच्या शेंड्यांतून चौथ्या-पाचव्या दिवशी पानांची नवी जोडी निघाली, फिकट पण ताठ. गांजाच्या रोपाला पहिल्या खऱ्या पानात एकच पर्णिका असते, पुढच्या जोडीत तीन, मग पाच, मग सात. खंगलेल्या झाडाला आम्ही गेलो तेव्हा तीनवरच अडकलेली पाने येत होती. जूनच्या मध्याला पाच पर्णिकांचे पान आले, तेव्हा भाच्याने त्याचे छायाचित्र मला खोलीत आणून दाखवले, जणू काही झाड भिंतीपलीकडे नव्हते. तिसरे झाड खुरटेच राहिले.

या साऱ्यात एक गोष्ट मला पुस्तकात वाचूनही पटली नव्हती, ती डोळ्यांनी पाहिल्यावर पटली. करपलेले, पिवळे पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. झाड पूर्ण बरे झाले तरी ते पान तसेच राहते आणि यथावकाश गळते. नवखा माणूस मात्र रोज त्याच पानाकडे पाहतो, ते सुधारले का म्हणून, आणि सुधारत नाही असे पाहून पुन्हा काहीतरी घालू लागतो. पाहायचे ते शेंड्याकडे. हे ज्ञान झाडापुरते आहे, माणसांना ते जसेच्या तसे लावू नये, हे मला कळते. माणसाचे जुने पान गळून जात नाही. सोडलेले वर्ष, बोललेला शब्द, फोनवर कुणी वापरलेला वाक्प्रचार तसेच राहतात. तरीही माझ्या भावाने पाहायची जागा बदलावी, असे मला वाटत राहिले. मी तसे त्याला म्हटले नाही. मी त्याला एवढेच सांगितले की मुलाला वाफसा कळू लागला आहे.

डॉक्टरांची वेळ २६ जूनची होती. मी त्याआधी परतले. मधल्या काळात भाच्याचा एक निरोप आला, रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठीत : डॉक्टरांकडे जाऊन आलो, बाबा गाडी घेऊन सोडायला आले होते, आत आले नाहीत, बाहेर थांबले. त्याखाली झाडांविषयी एक ओळ होती, ती मी येथे देत नाही. ‘गांजलेला’ या शब्दाला मराठीत छळणारा कुणीतरी गृहीत धरलेला असतो. छळणारा नेहमी शत्रूच असतो असे मी आजवर धरून चालले होते. झारी हातात घेऊन रोज सकाळी न चुकता येणारेही कुणी असू शकते, आणि त्याला दोष देण्यापेक्षा त्याला मातीत बोट घालायला शिकवावे लागते.